व्याजाचा दर आणि नागोठण्याची बेकारी

रिझर्व्ह बँकेने व्याजाचा दर पाव टक्क्याने वाढविला किंवा घटविला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याचे मोठे मथळे झळकतात. भागबाजार उसळतो किंवा कोसळतो, घरबांधणीच्या कर्जाचे हप्ते मोजले जातात आणि अर्थमंत्र्यांना प्रतिक्रिया विचारली जाते. बँकेच्या मुंबईतील मुख्य कचेरीपासून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर, अंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्याच्या बाजारपेठेत मात्र त्या दिवशी वालाचा, सुकटीचा किंवा तांदळाचा भाव बदलत नाही. नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधराला त्या दिवशी बोलावणे येत नाही आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या उचलीचा हिशेबही बदलत नाही. तरीदेखील या तिघांच्याही आयुष्यावर त्या पाव टक्क्याचा परिणाम होतो. तो कोणत्या वाटेने होतो आणि कोठे अडतो, हे समजून घेतल्याशिवाय महागाई, बेकारी आणि आर्थिक वाढ या तीन प्रश्नांची सांगड घालता येणार नाही.

पाठ्यपुस्तकांत ही सांगड फार सोपी करून सांगितलेली असते. ए. डब्ल्यू. फिलिप्स या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातील आकडेवारीवरून असे दाखविले की, बेकारी कमी असते त्या वर्षी मजुरीचे दर वेगाने वाढतात आणि बेकारी वाढली की ते मंदावतात. मजुरीच्या जागी किंमती ठेवून यातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढण्यात आला. थोडी महागाई पत्करली तर बेकारी घटविता येते आणि थोडी बेकारी पत्करली तर महागाई आवरता येते, असा तो निष्कर्ष होता. हा जणू तराजूच होता, आणि कोणते पारडे किती खाली ठेवायचे एवढेच राज्यकर्त्यांनी ठरवायचे होते. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६७ साली त्यावर नेमका आक्षेप घेतला. लोकांना महागाईची सवय झाली की ते ती गृहीत धरूनच मजुरी मागतात. मग बेकारी पूर्वीच्या पातळीवर परत येते आणि हाती उरते ती केवळ वाढलेली महागाई, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाच्या किंमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. पाश्चात्त्य देशांत महागाई आणि बेकारी हातात हात घालून वाढू लागल्या, आणि तराजूची दोन्ही पारडी एकाच वेळी खाली जाऊ शकतात हे जगाने पाहिले.

तथापि नागोठण्याच्या परिसरात हा विषय पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. त्याचा आणि या भूमीचा संबंध जुना आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते या गावी झाला आणि त्यांच्या बालपणाचा मोठा काळ रोह्यात गेला. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली तेव्हा देशापुढे चलनवाढीचे जे संकट होते, त्याचे कारण भारतीयांच्या हाती नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटिश सरकार हिंदुस्थानात धान्य, कापड, ताग आणि श्रम विकत घेत होते. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत होती, आणि त्या स्टर्लिंग रोख्यांच्या तारणावर येथे रुपयांच्या नोटा छापल्या जात होत्या. युद्धारंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपता संपता हा आकडा हजार कोटींच्या पलीकडे गेला. माल बाहेर जात होता आणि नोटा आत राहत होत्या. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मेली. चलनवाढ म्हणजे ज्याच्याकडे विकण्यासाठी श्रमाखेरीज काही नाही त्याच्याकडून गुपचूप वसूल केलेला कर होय, हे त्या काळाइतके स्पष्टपणे नंतर क्वचितच दिसले. अशा वेळी व्याजाचा दर वाढवून काय साधले असते? फारसे काहीच नाही. मध्यवर्ती बँक कितीही कर्तबगार माणसाच्या हाती असली, तरी सरकारचा खर्च जेथे बेफाम असतो तेथे तिचे हात बांधलेलेच असतात.

हेच देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकीर्दीत, नोव्हेंबर १९५१ मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँक दर तीन टक्क्यांवरून साडेतीन टक्के केला. आज हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु स्वस्त पैशाचा दीर्घ काळ संपल्याची ती घोषणा होती. कोरियन युद्धामुळे भडकलेले भाव १९५२ मध्ये उतरले. त्याचे सारे श्रेय अर्ध्या टक्क्याला देता येणार नाही, कारण जागतिक बाजारही त्याच सुमारास उतरला. मात्र या निर्णयामुळे पैशाच्या किंमतीचा प्रश्न शासनाने गंभीरपणे घेतला असल्याची खूण व्यापाऱ्यांना पटली, आणि चलनविषयक धोरणाचा अर्धा परिणाम अशा खुणेतूनच होत असतो.

त्यानंतरची जी कसोटी आजच्या निवृत्त शिक्षकांना आणि कारकुनांना आठवत असेल ती १९७४ सालची. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला होता, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्यावर तेलाची दरवाढ येऊन आदळली. १९७३-७४ मध्ये घाऊक किंमती २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये २५ टक्क्यांनी वाढल्या. जुलै १९७४ मध्ये बँक दर सात टक्क्यांवरून एकदम नऊ टक्के करण्यात आला. त्याच महिन्यात निघालेल्या अध्यादेशाने पगारवाढीची संपूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत टाकला. मागणी आवरण्याचा हा उपाय अर्थशास्त्रीय दृष्ट्या चुकीचा नव्हता. पण ज्याचे उत्पन्न पगारपत्रकावर छापलेले असते त्याचाच खिसा शासनाला सहज सापडतो आणि साठेबाजाचे गोदाम सापडत नाही, हा त्यातला अन्याय होता. १९७५-७६ मध्ये पाऊस चांगला झाला, पिके आली आणि घाऊक किंमती वाढण्याऐवजी एका टक्क्याने उतरल्या. यात व्याजदराचा वाटा किती, सक्तीच्या ठेवीचा किती, आणीबाणीच्या धाकाचा किती आणि पावसाचा किती, हा वाद अर्थशास्त्रज्ञांत अजून चालतो. नागोठण्याचा शेतकरी बहुधा पावसाच्या बाजूने मत देईल, आणि तो फारसा चुकणार नाही.

नागोठण्याच्या अर्थव्यवस्थेचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९८०च्या दशकात. मुंबई हायच्या समुद्रातून येणाऱ्या वायूवर चालणारा इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा प्रकल्प येथे उभारण्याचे ठरले, त्यासाठी आसपासच्या गावांची भातशेतीची जमीन संपादन करण्यात आली, आणि दशकाच्या अखेरीस वर्षाला तीन लाख टन इथिलीन निर्माण करू शकणारा कारखाना येथे उभा राहिला. पुढे २००२ मध्ये केंद्र सरकारने या कंपनीतील आपला २६ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह रिलायन्स समूहाला विकला आणि २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. मालकीचा हा प्रश्न येथे दुय्यम आहे. महागाई, वाढ आणि बेकारी यांचे नाते तपासण्यास हा प्रकल्प दुसऱ्या कारणासाठी उपयोगी पडतो.

ज्या शेतकऱ्याला जमिनीची भरपाई रोख रुपयांत मिळाली, त्याने ती बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवली असे धरू. त्या काळी लांब मुदतीच्या ठेवीवर दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. मुद्दल शाबूत ठेवून केवळ व्याजावर घर चालविणारा माणस स्वतःला शहाणा समजे आणि शेजारीही त्याला शहाणाच म्हणत. परंतु १९८१-८२ साली १०० धरलेला घाऊक किंमतींचा निर्देशांक १९८४-८५ मध्ये १२० होता, तो १९९३-९४ मध्ये २४८च्या घरात पोहोचला. म्हणजे नऊ वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्म्याहूनही खाली आली. ठेवीच्या पावतीवर आकडा तोच राहिला, पण त्या आकड्याने पूर्वीच्या निम्मीही वस्तू मिळेना. मिळालेल्या व्याजाचा बराच मोठा भाग हे वास्तविक उत्पन्न नसून मुद्दलाचीच परतफेड होती, आणि ती घरखर्चात संपून गेली होती. जमीन दिली नसती तर तिची किंमत महागाईबरोबर वाढली असती, भातही पिकले असते. भरपाईची रक्कम योग्य होती की अयोग्य, यावर आजवर पुष्कळ बोलले गेले; ती योग्य असती तरीही महागाईने ती पोखरलीच असती, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. किंमतींचे स्थैर्य हे श्रीमंत धनकोंचे लाड आहेत असे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या व्यवहाराची दुसरी बाजू रोजगाराची. पेट्रोरसायनाचा कारखाना हा भांडवलाचा उद्योग आहे. शेकडो कोटी रुपयांच्या यंत्रांवर नियंत्रण ठेवायला मोजकी, विशेष शिक्षण घेतलेली माणसे पुरतात. राष्ट्रीय उत्पन्नात अशा कारखान्याची भर मोठी असते आणि वाढीचा आकडा त्यामुळे उजळतो. पण ज्या गावांची शेती गेली त्यांच्या सर्व मुलांना सामावून घेईल इतक्या जागा तेथे निर्माण होतच नाहीत. २०२०-२१च्या हिवाळ्यात, म्हणजे जमीन जाऊन साडेतीन दशके उलटल्यावर, प्रकल्पग्रस्तांचे वारस नोकऱ्यांसाठी कारखान्याच्या दाराशी ठिय्या देऊन बसले होते. वाढ झाली की रोजगार आपोआप होतो, हे विधान नागोठण्यात उभे राहून करणे धार्ष्ट्याचे ठरेल.

व्याजाचा दर उतरविल्याने हे कोडे सुटते का? स्वस्त कर्जाचा लाभ सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक ज्याची पत मोठी त्याला होतो, आणि भांडवल स्वस्त झाले की माणसाच्या जागी यंत्र बसविण्याचा मोह वाढतो. याउलट व्याजदर चढला की मोठ्या कारखान्याला भागबाजार आणि परदेशी कर्ज हे पर्याय खुले असतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील लहान रसायन कारखानदाराला असा पर्याय नसतो. कच्चा माल, उधारीवर गेलेला पक्का माल आणि मजुरी यांसाठी त्याला रोखपतीचे कर्ज लागते, आणि त्याचे व्याज वाढले की पहिली काटछाट कंत्राटी कामगारांची होते. पेणच्या गणेशमूर्तिकाराचेही तेच. शाडू, प्लास्टर, रंग आणि कारागिरांची मजुरी यांत तो वर्षभर पैसा घालतो आणि तो पैसा भाद्रपदाच्या तोंडावर मोकळा होतो. मधल्या महिन्यांचे व्याज त्याच्या नफ्यातून वजा होते. त्यातही कर्ज देणारी बँक शाबूत असावी लागते. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले, तेव्हा त्या भागातील लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने व्याजाचा दर काय आहे या प्रश्नाला अर्थच उरला नाही.

आणि वीटभट्टीवरील कातकऱ्यापर्यंत तर हा दर पोहोचतच नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा तो भट्टीमालकाकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर सहकुटुंब राबून ती फेडतो. त्या उचलीचे व्याज कोठेही लिहिलेले नसते. ते कमी ठरविलेल्या मजुरीत दडलेले असते. सरकारी पाहणीच्या व्याख्येनुसार हा माणूस बेकारही नाही, कारण वर्षातील बराच काळ तो काम करीतच असतो. २०१७-१८ मध्ये देशातील बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के होते व २०२३-२४ मध्ये ते ३.२ टक्क्यांवर आले, असे राष्ट्रीय श्रमबल पाहणी सांगते. ज्या देशात निर्धन माणसाला रिकामे बसणे परवडतच नाही तेथे बेकारीचा आकडा लहान दिसणारच. फिलिप्स यांनी मोजलेला बेकार ब्रिटिश कामगार आणि आषाढात उचल मागायला निघालेला कातकरी यांना एकाच रकान्यात बसविता येत नाही.

मग रिझर्व्ह बँकेकडून अपेक्षा कशाची करावी? २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती अस्तित्वात आली. किरकोळ किंमतींची वाढ चार टक्क्यांवर, आणि फार तर दोन टक्के इकडे-तिकडे, ठेवावी असे लक्ष्य तिला देण्यात आले. वाढीचे उद्दिष्ट ध्यानात ठेवून किंमतींचे स्थैर्य राखणे, अशी कायद्याची भाषा आहे. त्यात रोजगार हा शब्द नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला मात्र १९७७च्या कायद्याने कमाल रोजगार आणि स्थिर किंमती ही दोन्ही उद्दिष्टे दिलेली आहेत. त्याच बँकेने पॉल व्होल्कर यांच्या नेतृत्वाखाली व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेऊन महागाई मोडून काढली, आणि १९८२च्या अखेरीस तेथील बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली, हेही विसरता कामा नये. कायद्यात शब्द असला म्हणून किंमत मोजावी लागत नाही असे नाही.

भारतात ही किंमत मोजण्यापूर्वी महागाईचे मूळ पाहिले पाहिजे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भार सुमारे ४६ टक्के होता. पाऊस लांबला, कांदा सडला किंवा डाळीचे पीक बुडाले की निर्देशांक चढतो, आणि व्याजाचा दर वाढविल्याने वालाच्या वेलाला एकही शेंग जास्त लागत नाही. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेने १३ वेळा दर वाढविले; तरी खाद्यपदार्थांची महागाई हटली नाही, आणि गुंतवणूक मात्र मंदावली. यावरून बँकेने स्वस्थ बसावे असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही फसवा आहे. धान्याची महागाई दीर्घकाळ टिकली की ती मजुरीत, भाड्यात, शाळेच्या शुल्कात शिरते, आणि मग ती पावसाने उतरत नाही. बँकेचे काम पहिला भडका विझविणे हे नव्हे. तो शेजारच्या घरांना लागू न देणे हे आहे. हा भेद समितीच्या निर्णयांत जितका स्पष्ट दिसेल तितके धाटावच्या कंत्राटी कामगाराचे विनाकारण होणारे नुकसान टळेल.

स्वस्त पैशाच्या काळाचीही दुसरी बाजू आहे. २०२०च्या टाळेबंदीत कोकणातले चाकरमानी मुंबई सोडून गावी परतले, उद्योग थंडावले आणि रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवर आणून मे २०२२ पर्यंत तेथेच ठेवला. त्या संकटात दुसरा मार्ग नव्हता हे मान्य केले पाहिजे. पण २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी सहा टक्क्यांहून अधिक असताना मुदतीच्या ठेवीवर पाच-साडेपाच टक्के व्याज मिळत होते. निवृत्त शिक्षकाच्या बचतीतून कर्जदाराला मिळालेले ते अनुदानच होते, आणि ते कोणत्याही अर्थसंकल्पात दाखविलेले नव्हते. २०२२ मध्ये महागाई सलग तीन तिमाह्या सहा टक्क्यांच्या वर राहिली आणि बँकेला सरकारपुढे कायद्याप्रमाणे लेखी खुलासा ठेवावा लागला. तोवर दर वाढू लागले होते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर साडेसहा टक्क्यांवर गेला.

बेकारीचा प्रश्न व्याजदराच्या वाटेने न सोडविता थेट सोडविण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रानेच केला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर राबविली गेली आणि तिचा कायदा जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राने २००५ साली देशासाठी कायदा केला तेव्हा त्यापुढे महाराष्ट्राचाच नमुना होता. या योजनेतील कामांच्या दर्जाबद्दल आणि हजेरीपटांबद्दल तक्रारी झाल्या व त्यांतील पुष्कळ खऱ्या होत्या. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातला महत्त्वाचा भाग पैसा कोठून आणला हा आहे. तुटीचा अर्थभरणा करून, म्हणजे नोटा छापून, हा रोजगार दिला असता तर मजुराच्या एका हातात दिलेली मजुरी महागाईने दुसऱ्या हातातून काढून घेतली असती. महाराष्ट्राने त्याऐवजी १९७५ साली व्यवसाय कर बसविला. शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टर यांच्या उत्पन्नातून थोडी रक्कम कापून घ्यायची, तेवढीच भर राज्याने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. ज्याला महागाई भत्ता मिळतो त्याने ज्याला तो मिळत नाही त्याच्यासाठी दिलेला तो वाटा होता. पगारपत्रकावरील त्या कपातीचे कारण आज फार थोड्या पगारदारांना ठाऊक आहे.

त्या करालाही महागाईने सोडलेले नाही. राज्यघटनेच्या २७६व्या कलमात त्याची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये ती साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये करण्यात आली. त्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळात पगार किती पटींनी वाढले याचा हिशेब प्रत्येक कचेरीत आहे. ती मर्यादा मात्र २,५०० रुपयांवरच थांबलेली राहिली, आणि ती वाढवावी अशी मागणी करणारा मोर्चा अद्याप कोणत्याही कर्मचारी संघटनेने काढलेला नाही.